झाकणाच्या आतला शेंदूर

मंजुळाबाईंचा दरारा असा, की महाळुंग्याच्या त्या पावडरच्या कंपनीत खुद्द मालकसुद्धा मिक्सिंगच्या खोलीत शिरण्याआधी स्वतःच्या पायांकडे बघून घ्यायचे. बुटांवर कव्हर चढवलेलं नसलं, की बाई मालक म्हणत नसत न् बिलक म्हणत नसत. "अर्जुनराव, मागं फिरा. पाय झाकून या." आणि अर्जुनराव, ज्यांच्या बापजाद्यांच्या जमिनीवर ती शेड उभी होती, ते गपगुमान मागे फिरायचे. बाहेर जाऊन पुन्हा हसून सांगायचे, "बाई कडक हाय, पण माल वाया जाऊ देत न्हाई."

कंपनी तशी लहानच. चहूकडे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या अवाढव्य कारखान्यांची रांग, आणि मधे ही पत्र्याची शेड. इथे बनायची गरोदर बायकांनी दुधातून घ्यायची लोहाची आणि कॅल्शियमची पावडर. डब्यावर पोटावर हात ठेवून हसणारी गोरीपान बाई. डबा मिळायचा औषधांच्या दुकानात, पण हे औषध नव्हे, पूरक आहार. नवी एखादी पोर "औषध थोडीच आहे, एवढं काय त्यात," असं म्हणाली, की मंजुळाबाई तिच्या अंगावर जात. "औषध न्हाई म्हणून काय माती घालायची का लोकांच्या पोटात? पोटुशी बाई खाणार हाय हे. एका घासात दोन जीव हायेत, कळतंय का?"

हे त्या उगाच बोलायच्या नाहीत. परभणीकडच्या त्यांच्या गावात त्यांची पाठची बहीण पहिल्याच बाळंतपणात गेली होती. अंगात रक्तच नव्हतं म्हणे. नवरा भिमाजी इकडे फोर्जिंगच्या कंपनीत लागला, त्याच्यामागे बाई चाकणच्या पट्ट्यात आल्या, चार ठिकाणी पॅकिंगची कामं केली, आणि शेवटी या कंपनीत येऊन मिक्सरवर उभ्या राहिल्या. पावडर रक्तवाढीची आहे हे कळल्यावर त्यांना पहिल्यांदा आपण काही कामाचं करतोय असं वाटलं.

मिक्सर म्हणजे स्टीलची भलीमोठी विजार, उलटी टांगलेली. दोन पाय वर, कंबर खाली. वरच्या दोन्ही तोंडांतून पावडरी ओतायच्या, झाकणं घट्ट लावायची, आणि ती विजार गरागरा फिरवायची. बायका त्याला विजारच म्हणायच्या. किती वेळ फिरवायचं ते ठरलेलं. जास्त फिरवलं की जास्त चांगलं मिसळतं, असं नवख्यांना वाटतं, पण उलटंच होतं. जड पावडर आणि हलकी पावडर मिसळून झाल्यावर पुन्हा फारकत घ्यायला लागतात. मंजुळाबाई घड्याळाकडे बघत उभ्या राहायच्या आणि वेळ झाली की बटण दाबायच्या, मग मागून कोणी हाक मारो.

विजार धुवायचं काम कस्तुराचं. कस्तुरा त्यांच्याच गावाशेजारची. नवऱ्यानं टाकल्यावर पोरीला घेऊन इकडे आली तेव्हा मंजुळाबाईंनीच तिला पहिले काही दिवस स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं आणि अर्जुनरावांपुढे उभं केलं. अंगानं काटकुळी, पण हात असा, की धुतलेल्या स्टीलमधे तोंड बघावं. बोलायची कमी. मंजुळाबाई तिच्यावर दिवसभर खेकसायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्या डब्यातली अर्धी भाकरी तिच्या ताटलीत टाकायच्या. "मावशी, पुरे," ती म्हणायची, आणि खायची.

आता खंडेनवमीचं. या पट्ट्यात खंडेनवमीला ज्याची पूजा होत नाही असं यंत्र नसेल. लेथपासून लिफ्टपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा. पावडरच्या कंपनीत मात्र आम्रपाली मॅडमनी नियम घालून दिले होते. आम्रपाली मॅडम म्हणजे मालाची तपासणी बघणाऱ्या. वयानं मंजुळाबाईंच्या लेकीएवढ्या, पण त्यांच्या सहीशिवाय शेडमधून एक डबा बाहेर पडत नसे. त्यांचं म्हणणं, पूजा खुशाल करा, पण हळदीकुंकू मिक्सरच्या खांबाला, माळ कठड्याला, नारळ दाराबाहेर. माल जिथे लागतो तिथे काहीही लावायचं नाही. आणि पूजा झाल्यावर मिक्सर पुन्हा धुवायचा, मगच माल भरायचा.

मंजुळाबाईंना सगळे नियम पाठ होते आणि सगळे पटतही होते. बांगड्या काढा म्हटलं, काढल्या. टिकली नको म्हटलं, गेटवर काढून जेवणाच्या डब्याच्या झाकणाला चिकटवली. पण हा एक नियम त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. देव बाहेर खांबाला आणि माल आत? पोटुश्या बायकांच्या पोटात जाणार ते आतलं, आणि राखण बाहेर ठेवायची? देवाचं नाव निघालं, की आपल्याकडे चपलांबरोबर अक्कलही दाराबाहेर काढून ठेवायची रीतच आहे, त्याला एकट्या मंजुळाबाईंना काय बोल लावावा!

तर बाईंनी काय केलं, गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला गावच्या मारुतीच्या अंगावरचा शेंदूर डबीत घालून आणला. सगळे बाहेर नारळ फोडायला गेले तेव्हा विजारीचं एक झाकण उघडलं आणि आतल्या काठाला बोटभर शेंदराचा पट्टा ओढला. तेलात कालवलेला, चांगला जाड, नुसत्या पाण्यानं धुऊन न जाणारा. हात जोडले. "मारुतीराया, ज्या कोणी बाया हे खातील त्यांची बाळंतपणं सुखाची कर." डोळ्यांपुढे बहीण होती. झाकण लावून टाकलं. कुणाला पत्ता नाही.

यंदाही तसंच केलं. फरक एवढाच, की यंदा ऑर्डरची घाई होती. अर्जुनराव म्हणाले, "मिक्सर पूजेच्या आधीच धुऊन ठिवा. दसरा झाला का डायरेक माल भरू. हारफुलांनी काय आतून खराब व्हतोय व्हय?" आम्रपाली मॅडम थोड्या कुरकुरल्या, पण त्यांनी सही केली. कस्तुरानं आदल्या दिवशीच विजार लख्ख केली. नवमीला मंजुळाबाईंनी झाकण उघडलं, शेंदूर लावला, झाकण बंद केलं. दसऱ्यानंतर त्याच तोंडातून लोहाची, कॅल्शियमची पावडर आत गेली आणि विजार फिरली.

आठवड्याभरात बाहेरच्या प्रयोगशाळेतून रिपोर्ट आला आणि शेडमधे कल्लोळ माजला. पावडरमधे शिसं निघालं. शिसं म्हणजे विषच, गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला तर फारच वाईट. या खेपेला आम्रपाली मॅडमनी वरून, मधून आणि तळातून असे वेगवेगळे नमुने पाठवले होते. मधला आणि तळातला चांगला निघाला, वरचा नापास.

अर्जुनराव म्हणाले, "मग मधला चांगला हाय ना? त्योच रिपोर्ट लावा आन् सोडा माल."

"सर, मधला चांगला आहे म्हणजे तेवढा चिमूटभर चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "डबा उघडणारीला कुठली चिमूट मिळेल ते तुम्ही सांगणार का? माल थांबवलाय मी. जाणार नाही."

अर्जुनरावांनी खूप आदळआपट केली, पण माल थांबला. मग शोध सुरू झाला. कच्च्या मालाची सगळी पोती तपासली, चांगली निघाली. वजनाची भांडी, चाळण्या, सगळं तपासलं. शेवटी मिक्सरमागे एक लाकडी स्टूल सापडलं. लाल रंगाचं, जागोजागी पोपडे गेलेलं. त्यावर उभी राहून कस्तुरा वरची तोंडं पुसायची. जुन्या ऑइलपेंटात शिसं असू शकतं, असं मॅडम बोलून गेल्या. फक्त असू शकतं म्हणाल्या, बरं का. पण अर्जुनरावांना तेवढं पुरे होतं.

"ह्ये रंगाचं स्टूल आत कुणी आणलं?"

"मी," कस्तुरा म्हणाली. "वर हात पुरत न्हाई."

"पोटुशा बायांच्या मालात इख कालवलंस की गं! चल, नीघ."

कस्तुरानं एकदा मंजुळाबाईंकडे बघितलं. मंजुळाबाईंना अजून काही ठाऊक नव्हतं, त्यांना खरंच वाटलं की दोष स्टुलाचा आहे. उलट त्याच गरजल्या. "कितीदा सांगितलं तुला, आत बाहेरची वस्तू आणू नको म्हणून! तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस मला." सगळ्यांच्या देखत. गेटवर तिची पिशवी उलटी करून तपासली. कस्तुरानं पिशवीत कंगवा परत भरला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्या बायकांना एकत्र बसवलं. शिसं कुठून कुठून येतं ते समजावून सांगायला. जुना रंग. स्वस्तातली खेळणी. काही ठिकाणचं काजळ. डाग दिलेली जुनी भांडी. "आणि शेंदूर," मॅडम म्हणाल्या. "मारुतीला लावतात ना, तो. जुन्या पद्धतीचा शेंदूर शिशापासूनच बनवतात. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाती लागू देऊ नका."

मंजुळाबाई बसल्या जागी पुढे झुकल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "मावशी, चक्कर येतीय का?" त्यांनी मान हलवली. शेंदूर. शिशापासूनच. वरच्या झाकणाला लावला आणि वरचाच नमुना नापास. सरळ आहे की! त्यात न कळण्यासारखं काय होतं?

उठून सांगावं, असं पहिल्याच क्षणी मनात आलं. उठल्याही. पण उठता उठताच दुसरा विचार आला. यंदाचं सांगितलं की मॅडम विचारणार, गेल्या वर्षी? गेल्या वर्षीही लावला होता. पूजेनंतर मिक्सर धुतला होता खरा, पण तेलातला शेंदूर पाण्यानं थोडाच जातो? गेल्या वर्षीचा माल तर थांबला नव्हता. तेव्हा मधला एकच नमुना जायचा आणि तो पास झाला होता. डबे गेले, विकले गेले, दुधात कालवून प्यायले गेले. कुठल्या कुठल्या बायकांनी, देव जाणे. मंजुळाबाई खाली बसल्या. मॅडमना वाटलं त्यांना काही विचारायचंय. "बोला ना मावशी." "काही न्हाई," त्या म्हणाल्या.

मग सुरू झाली ती सगळी तगमग. बाई कामावर यायच्या, मिक्सर पुन्हा पुन्हा धुवायच्या, कुणाला ओरडायच्या नाहीत. अर्जुनराव एकदा उघड्या बुटांनी आत आले तरी बोलल्या नाहीत. त्यांनीच विचारलं, "बाई, तब्येत बरी हाय ना?" रस्त्यात पोटुशी बाई दिसली की त्या मान फिरवायच्या. दवाखान्याच्या दारातली रांग बघून रिक्षानं लांबून जायच्या. बहीण आठवायची, पण आता ती वेगळीच आठवायची. तिच्यासाठी म्हणून केलं आणि तिच्यासारख्याच बायकांच्या तोंडात विष घातलं. मारुतीचाही राग आला त्यांना. मग त्या रागाचीही लाज वाटली. देवानं थोडंच सांगितलं होतं डबी घेऊन जा म्हणून!

आणि कस्तुरा. ती चाकणच्या बाजारात एका भाजीवालीच्या पाटीवर बसायला लागली होती. कंपन्यांतून काम मिळेना, कारण पावडरीत विष कालवणारी बाई म्हणून नाव सगळीकडे झालं होतं. अशा बातम्या या पट्ट्यात शिफ्टच्या बसमधून कुठल्या कुठे पोचतात. मंजुळाबाई एकदा तिच्याकडून मेथी घ्यायला म्हणून गेल्या. खरं तर सगळं सांगायला गेल्या होत्या. कस्तुरानं जुडी दिली, आणि विचारलं, "मावशी, माल सुटला का?"

"न्हाई अजून."

"बरं झालं," कस्तुरा म्हणाली. "नगं जायला कुणाच्या पोटात."

मंजुळाबाई मेथी घेऊन घरी आल्या आणि तशीच ती ओट्यावर सुकून गेली. भिमाजीनं विचारलं, भाजी का केली नाहीस, तर ढसाढसा रडल्या. सगळं सांगितलं. भिमाजी साधा माणूस, यंत्रावर आयुष्य गेलेला. तो म्हणाला, "तुझी नोकरी जाईल म्हणून गप हायेस का?"

"नोकरी गेली चुलीत. गेल्या साली ज्या बायांनी खाल्लं त्यांचं काय करू मी?"

"त्यांचं तुला काही करता येत न्हाई. मॅडमला आलं तर येईल. आन् त्या पोरीचं तर तुलाच करायला लागल."

सकाळी मंजुळाबाईंनी शेंदराची डबी रुमालात बांधली आणि थेट आम्रपाली मॅडमच्या टेबलावर ठेवली. अर्जुनरावही तिथेच होते. बाईंनी काही झाकलं नाही, वळणं घेतली नाहीत. झाकण कसं उघडलं, बोट कुठून कुठे फिरवलं, सगळं. आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "गेल्या साली बी लावला होता."

अर्जुनराव खुर्चीत मागे टेकले. मॅडम पहिलं वाक्य बोलल्या ते असं. "पूजेनंतर पुन्हा धुवायचं, हे मी सोडून दिलं यंदा. माझीही सही आहे त्याच्यावर." मग त्या उठल्या. प्रत्येक बॅचचे थोडे डबे सीलबंद करून कपाटात ठेवलेले असतात, मुदत संपेपर्यंत. गेल्या वर्षीच्या दसऱ्यानंतरचे सगळे राखीव डबे त्यांनी स्वतः काढले आणि गाडी करून प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. जाताना अर्जुनरावांना म्हणाल्या, "कस्तुराला बोलवून घ्या. माफी तुम्हालाही मागायची आहे." तेवढ्यापुरते अर्जुनराव मालक नव्हते. "व्हय, व्हय," म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मंजुळाबाईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. अखेर रिपोर्ट आला. गेल्या वर्षीचे सगळे डबे साफ. शिशाचा मागमूस नाही.

कुणालाच कळेना. अर्जुनरावांनी हात जोडून भिंतीवरच्या फोटोला नमस्कार केला. मॅडम मात्र कपाळाला आठ्या घालून बसल्या. "शक्यच नाही. तेलातला पट्टा नुसत्या पाण्यानं जात नाही, मग गेला कुठे?" कस्तुरा त्या दिवशी आली होती, दाराशी उभी होती. अर्जुनरावांनी नुकतीच तिची माफी मागितली होती, तीही अशी की जणू तिच्यावर उपकारच करताहेत. ती हळूच म्हणाली, "गेल्या सालचा मी पुसला होता."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"तवा पूजा झाल्यावर धुवायचो आपण. झाकण काढलं तर आत शेंदूर. मावशीच्या गावचाच, वळखला मी. देवाचा हाय म्हणून आधी हात धजंना. मग म्हणलं, मालात जाईल. देवाची माफी मागितली आन् साबणानं पुसून काढला. औंदा आधीच धुतलं, मला दिसलाच न्हाई."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मंजुळाबाई भिंतीला टेकल्या. जिची पिशवी गेटवर उलटी केली, जिला त्यांनी स्वतः सगळ्यांदेखत झाडलं, तिनेच त्यांचं पाप वर्षभरापूर्वी एका फडक्यानं पुसून टाकलं होतं, आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

यंदाचा माल नष्ट केला. मंजुळाबाईंना मिक्सरवरून काढून पॅकिंगला बसवलं. त्यांनी एका शब्दानं हरकत घेतली नाही. नोकरीवर ठेवलं हेच त्यांना जास्त वाटत होतं. कस्तुराला अर्जुनरावांनी परत घेतलं, आणि मॅडमनी तिला नमुने काढायचं काम शिकवायला घेतलं.

पहिल्याच दिवशी सुट्टीत मंजुळाबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. डबा उघडला, पण भाकरी मोडायचं धाडस होईना. शेवटी विचारलं, "पोरी, गेल्या सालीच मला का न्हाई सांगितलंस? दोन शब्द बोलली असतीस तर औंदा हे झालंच नसतं."

कस्तुरानं घास चावून गिळला. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच बाईंना जास्त लागलं.

"मावशी, तुमचा देव मी पुसला, असं तवा सांगितलं असतं, तर तुमीच मला कामावरून काढलं असतं की."

मंजुळाबाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग त्यांना आपण तेव्हा काय केलं असतं ते स्पष्ट दिसलं, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.